झिरो तिकीट आणि शनिवारची दुपार

शनिवारी आमची शाळा सकाळची. साडेअकराला घंटा झाली की परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची, खिडक्या बंद करायच्या (बेळगावचा पाऊस आणि लायब्ररीची उघडी खिडकी हे एकत्र आलं की सोमवारचा अख्खा दिवस पानं सुकवण्यात जातो), चावी ऑफिसात टांगायची आणि बाराला मी मोकळी. लोकांना वाटतं शाळेची लायब्ररियन म्हणजे दिवसभर पंख्याखाली कादंबऱ्या वाचत बसलेली बाई. वाचायला कुठला वेळ हो, नववी ब च्या तासाला पंचेचाळीस पोरं एकदम आत येतात आणि सगळ्यांना भुताचंच पुस्तक हवं असतं. तर हा जो शनिवार दुपारचा मोकळा वेळ आहे ना, त्यात मी आता फिरते. एकटी, पिशवीत पाण्याची बाटली, एक पुस्तक आणि आधार कार्ड.

आधार कार्ड कशाला ते इकडच्या बायकांना सांगायला नको. 11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसमधून बायकांना प्रवास फुकट, शक्ती योजना. साध्या बसला, एक्स्प्रेसला चालतं, एसी आणि आरामगाड्यांना नाही. कंडक्टर कार्ड बघतो आणि शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो, त्याला आमच्याकडे सगळे झिरो तिकीट म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांत स्टँडवर काय गर्दी, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्यांत तर खिडकीतून पोरं आत टाकून जागा धरायचे लोक. पुरुषमंडळी वैतागलेली, त्यांच्यासाठी अर्ध्या सीट राखीव ठेवल्यात म्हणे, पण कुणी उठतंय होय. आमच्या घरचे अजून म्हणतात, तुमचंच राज्य आहे बाई.

पैसे वाचतात हे आहेच, पण मला त्यातलं वेगळंच आवडलं. आधी बाईनं बसमध्ये बसायचं तर काहीतरी काम लागायचं, लग्न, बारसं, दवाखाना, माहेर, नाहीतर देव तरी. हलशीला कशाला चाललीस, तर देऊळ बघायला, असं सांगून दोन्हीकडचे तिकिटाचे पैसे घरखर्चातून काढायचे म्हणजे मनातल्या मनात हिशोब द्यावा लागायचा. आता कुणी विचारत नाही आणि मीही स्वतःला विचारत नाही.

हलशीचं सविस्तर सांगते. सुगीचे दिवस होते. बेळगावहून खानापूर, तिथं गाडी बदलायची, मग नंदगडवरून पुढं. खानापूर स्टँडवर चहा घेतला, बाहेर कौलांच्या, मडक्यांच्या राशी दिसतातच, ती तांबडी माती आहे तिथली, कुंभारकामाचं शिक्षण देणारी मोठी केंद्र सरकारी संस्थासुद्धा खानापुरातच आहे. पुढची गाडी लागली तेव्हा आत बसायला जागा नाही. कंडक्टर कन्नडमध्ये ओरडतोय, "हिंद होगरी अक्का, हिंद होगरी," म्हणजे मागं जा, मागच्या सीटवरची एक आजी मराठीत म्हणतेय, "अगं ये की हिकडं, सरकतो मी," आणि भाताच्या पेंढ्याचा वास अंगाला असलेल्या चारपाच बायका माझ्या पिशवीकडे बघून अंदाज बांधतायत की ही कुणाकडे चालली असेल. आजीनं विचारलंच.

"कुणाची गं तू? हलशीत कुणाकडं?"

"कुणाकडं नाही आजी. देऊळ बघायला."

"नवस हाय व्हय?"

"नाही ओ, नुस्तं बघायला."

तिला पटलं नाही. थोडं थांबून म्हणाली, "असू दे, नवस सांगू न्हाई कुणाला." आणि मला शेंगा दिल्या.

नंदगडला बस बऱ्यापैकी रिकामी होते. इथं संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, 26 जानेवारी 1831 ला. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिलेदार, राणी कैदेत गेल्यावरही इंग्रजांशी लढत राहिला. त्याची समाधी आणि वडाचं झाड बघायला लोक लांबून येतात. आमच्या पोरांना एक गोष्ट फार आवडते, रायण्णाचा जन्म 15 ऑगस्टचा सांगतात आणि फाशी 26 जानेवारीची. हे एकदा वर्गात सांगितलं की ती तारीख पोरं जन्मात विसरत नाहीत, बाकी सनावळ्या कितीही घोका.

हलशी हे आत्ता छोटंसं गाव आहे, चार गल्ल्या, कौलारू घरं, अंगणात वाळत टाकलेलं भात. पण हीच कदंबांची पलाशिका, बनवासीच्या कदंब राजांची दुसरी राजधानी. इथं सापडलेले ताम्रपट पाचव्या शतकाच्या आसपासचे आहेत, त्यात जैनांना दिलेल्या दानांची नोंद आहे. हे सगळं माहीत असूनही गावात शिरताना वाटतं, इथं राजधानी? आणि मग भूवराह नरसिंहाच्या देवळाच्या आवारात पाय टाकला की गप्प व्हायला होतं. हे देऊळ नंतरचं, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. ह्यात दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांसमोर. एकीकडे विष्णू, समोर भूवराह, मधल्या मंडपात आपण. कुठल्या देवाला पाठ करायची हा प्रश्नच पडतो खरा, मी आपली आडवी उभी राहिले. खांब गुळगुळीत, गार. पुजारीकाका होते त्यांनी दिवा वर धरून वराहाची मूर्ती नीट दाखवली, पृथ्वीला उचलून धरलेली, आणि कुठून आलात विचारलं. शाळेत लायब्ररीत असते म्हटल्यावर म्हणाले, मग पोरांना आणा की एकदा, इथं कॉलेजवाले येतात, पण शाळेची पोरं आली की देऊळ जरा जागं होतं.

गावात अजून देवळं आहेत, सुवर्णेश्वर आहे, जुनी जैन बस्ती आहे, आणि जरा लांब डोंगरावर रामतीर्थ. रामतीर्थाला गेले नाही, परतीच्या गाडीची वेळ बघायची होती. एकट्या बाईच्या प्रवासात शेवटची बस हा खरा देव.

येताना खानापूरपासून पुढं आमच्या बसच्या मागून गोव्याची कदंबाची बस आली, हॉर्न मारत, ओव्हरटेक करून निघूनसुद्धा गेली. मला हसूच आलं. ज्या राजघराण्याचं नाव गोव्यानं आपल्या एसटी महामंडळाला दिलंय त्याची जुनी राजधानी मागं भाताच्या खळ्यात पडलीय आणि त्या नावाच्या गाडीत माझं झिरो तिकीट चालत नाही. सोमवारी सहावीच्या पोरांना हे सांगितलं तर एकानं विचारलं, "मग बाई, तुम्ही राजाच्या गाडीतनं गेला नाही?" नाही रे बाबा, पैसे पडतात.

कणकुंबीला जायचं तर पावसाळ्यातच जावं असं माझं मत. लोक म्हणतात पावसात तिकडं जळवा, रस्ता खराब, धुकं. सगळं खरं आहे. पण ऊन असताना कणकुंबी बघणं म्हणजे मिसळीतला रस्सा बाजूला ठेवून फरसाण खाणं. बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्यानं जांबोटी मागे टाकली की झाडी दाटते, बसच्या काचांवर आतून वाफ धरते आणि कंडक्टरसुद्धा मफलर गुंडाळतो. रस्त्याबद्दल बोलत नाही, माझी कंबर बोलेल. साधारण पन्नास किलोमीटर आहे पण वेळ धरून चालू नका.

तिथं माउली देवीचं देऊळ आहे आणि जवळच मलप्रभेचा उगम. एवढीशी कुंडातली धार. ही पुढं पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला तिच्यावर मोठं धरण आहे, आणि तीनशेच्या वर किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि ह्याच खानापूर तालुक्याच्या डोंगरात भीमगडच्या जंगलातून म्हादई निघते, ती गोव्यात जाऊन अरबी समुद्राला मिळते. पाऊस तोच, डोंगर तोच, थेंब कुठल्या उतारावर पडला एवढंच. ह्या पाण्यावरून दोन राज्यांची भांडणं किती वर्षं चाललीत ते पेपरात रोज असतं, मी काही त्यात पडत नाही, पण कुंडाजवळ छत्री धरून उभं राहिलं की पेपरातली ती बातमी जरा वेगळी वाचता येते. मी तिथं कांदाभजी खाल्ली, दोन प्लेट, ओल्या चपलांनी, आणि दोन तास काहीही केलं नाही. पुस्तक नेलं होतं ते दमट होऊन फुगलं, तरी बरं ते माझं स्वतःचं होतं, शाळेचं असतं तर मीच मला दंड केला असता.

गोकाकचं फार लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलंय. घटप्रभा 171 फुटांवरून खाली पडते, घोड्याच्या नालासारखा कडा, जुना झुलता पूल, पलीकडं गिरणी. पावसाचा जोर असला की पुलावर सोडत नाहीत हे लक्षात ठेवा. करदंट (डिंक आणि सुक्या मेव्याची तिथली मिठाई) घ्या, पण स्टँडवर पहिल्या दुकानात घेऊ नका, गावात जा.

ज्या शनिवारी लांब जायचा कंटाळा येतो त्या दिवशी गावातल्या गावात. किल्ल्यात कमल बस्ती आहे, 1204 सालची, रट्ट राजांच्या वेळची. आत शिरून मान वर करायची, छताला दगडी कमळ लटकतंय, त्याच्या 72 पाकळ्या, मागच्या, आत्ताच्या आणि पुढच्या काळातले चोवीस चोवीस तीर्थंकर. मान दुखेपर्यंत मोजते मी, प्रत्येक वेळी मध्येच चुकते, मग मधल्याच एका पाकळीपासून परत सुरू. किल्ल्यातून रिक्षानं टिळकवाडीत काँग्रेस विहिरीवर. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव, आणि त्या अधिवेशनाला पाणी लागणार म्हणून ही विहीर खणली. पोरांना घेऊन गेले होते तेव्हा एकीनं विचारलं, "एकदाच अध्यक्ष? मग परत निवडून नाही आले काय?" ह्यावर उत्तर द्यायला मला घरी येऊन वाचावं लागलं. परत येताना कॅम्पात कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, पाव किलो, घरी पोचेपर्यंत तो पाव राहत नाही.

राज्याची हद्द ओलांडायची तर वेंगुर्ला रोडनं शिनोळीपाशी महाराष्ट्र लागतो. तिकडच्या एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे इकडं पूर्ण फुकट, तिकडं अर्धं, रेल्वेत पूर्ण तिकीट. सीमाभागाच्या बाईनं पर्समध्ये सुट्टे पैसे आणि आधार दोन्ही ठेवायचं.

आता माझा खरा सीझन. डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडे गावोगावी मराठी साहित्य संमेलनं असतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी. शहरातलं संमेलन आणि हे ह्यात फरक आहे. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम, भजनी मंडळ, पोरी नऊवारीत, घराघरापुढं रांगोळी आणि पालखीवर पाणी घालायला बायका कळशी घेऊन उभ्या. पुस्तकांवर पाणी घालू नका म्हणून मी पालखीच्या बाजूनं चालत सांगत असते, तेवढीच माझी साहित्यसेवा. पालखी उचलणाऱ्यांच्या पायांवर घाला म्हटलं तरी चालतंय, ऐकतात. दुपारी हजारभर लोकांचं जेवण गाव करतं, आमटी भात, भाजी, गोड काहीतरी. कवी लोक वेळेपेक्षा लांब कविता वाचतात आणि समोर शेतावरून आलेली माणसं टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसतात, हे मला फार भारी वाटतं.

आणि पुस्तकांचे स्टॉल. कोल्हापूरला, पुण्याला जाऊन शाळेसाठी खरेदी करायची म्हणजे मंजुरी, रजा, हजार भानगडी, त्यापेक्षा इथं पुस्तक हातात घेऊन बघता येतं, टाइप बारीक आहे का, बाइंडिंग पोरांच्या हातात टिकेल का. गेल्या संमेलनात दोन खोकी घेतली, पाचवी ते सातवीसाठी. स्टॉलवाल्या पोरानं सुतळीनं बांधून बसपर्यंत आणून दिली.

कंडक्टरनं माझं आधार बघितलं, झिरो तिकीट दिलं, मग खोक्यांकडं बघितलं.

"ह्येचं लगेज पडतंय अक्का."

"अहो शाळेची पुस्तकं आहेत."

"तुमचं माफ हाय, पुस्तकांचं न्हाई. ती काय बाई हायत व्हय?"

सगळी बस हसली, मीपण. चाळीस रुपये दिले, पावती घेतली, आणि सोमवारी बिलांबरोबर ऑफिसात लावली. आमचे क्लार्क भाऊ चष्मा कपाळावर सरकवून ती दोन्ही तिकिटं उलटसुलट बघत बसले. "मॅडम, प्रवास शून्य रुपये आणि सामान चाळीस रुपये, ऑडिटला काय सांगू? तुम्ही गेलाच नाही आणि पुस्तकं आपली आपण बसनं आली?"