खिशातलं नाणं बोटांनी वाचायचं असतं

सोमवार, रात्र

चिल्लरचा डबा पालथा करून एकाचे, दोनाचे ढीग लावत बसले होते. काम बिनडोक, पण जवळजवळ प्रत्येक नाणं दिव्याखाली धरावं लागत होतं. २०११ पासून आलेला दोनाचा बंदा २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. त्याच्या आधीचा रुपया? २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम! दोन्ही स्टीलचे, दोन्ही गोल. बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने सुटे काढणाऱ्या माणसाचा विचारच कुणी केला नव्हता का?

सोस्यूर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने भाषेतलं मूल्य समजावताना नाण्याचाच दाखला दिला होता: पाच फ्रँकची किंमत कळते ती एक फ्रँकशी ताडून पाहिल्यावर. एकाची ओळख दुसऱ्यापासूनच्या वेगळेपणात, हे तत्त्व आपल्या जुन्या नाण्यांना पक्कं ठाऊक होतं. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी कडेचे, वीस पैसे षटकोनी. पुढे नव्वदीत अकरा कडांचे दोन रुपये आणि जाडजूड पाच. पाचाचं ते नाणं अंधारातही हुकायचं नाही.

मग चित्रांवर भिस्त आली. २००७ च्या सुमाराला रुपयावर वर केलेला अंगठा, दोनावर दोन बोटं, पन्नास पैशांवर मूठ. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, ही कल्पना मला मनापासून आवडते. (आपल्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ निराळाच, पण सोडा.) अडचण एवढीच की चित्र डोळ्यांना दिसतं आणि खिशात डोळे नसतात. त्याआधीच्या मालिकेत अनेकतेतली एकता दाखवायला एकमेकींना छेदणाऱ्या रेषा काढल्या होत्या. लोकांना त्यात क्रूस दिसला आणि वाद पेटला.

दहाच्या नाण्याची गंमत तर उलटीच. तिथे लोक गरजेपेक्षा जास्त वाचत बसले. रेघा दहा की पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, यावरून खरं-खोटं ठरवू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की चौदाही नमुने चलनात आहेत. तरी कित्येक दुकानदार मान हलवतातच: "पुढे कुणी घेत नाही हो." त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. समोरच्याने मानलं नाही, तर नाणं म्हणजे नुसती चकती.

२०१९ ची मालिका मात्र शहाणी निघाली. अंध व्यक्तींचा विचार करून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती घडवली: किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं, आणि विसाच्या नाण्याला बारा कडा. अंगठा एकदा फिरवला की झालं. त्यावर धान्याची नक्षी आहे म्हणतात. मला अजून ती निरखून बघायची गरजच पडलेली नाही.