उरण ते पेण, रेवसमार्गे : महानगर प्रदेशाच्या दक्षिण काठावरचा प्रवास

उरण आणि अलिबाग हे एकाच रायगड जिल्ह्यातले दोन तालुके आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा न्यायालय अलिबागला असल्याने उरणच्या माणसाला महत्त्वाच्या सरकारी कामासाठी अलिबाग गाठण्यावाचून गत्यंतर नसते. मध्ये धरमतरची खाडी आहे. ती लाँचने ओलांडावी, नाहीतर पेण-वडखळचा वळसा घालावा. मुंबई महानगर प्रदेशाच्या नियोजनाने या शेजारच्या जिल्ह्याच्या दळणवळणात काय बदल घडवला, हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी नेरूळहून उरण, करंजा, रेवस, अलिबाग आणि वडखळ असे करत पेणपर्यंतचा प्रवास सार्वजनिक वाहनांनीच केला. त्या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा वृत्तांत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील गावांच्या जमिनी संपादित झाल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २०१९ मध्ये महानगर प्रदेशाची हद्द वाढवून पेण, अलिबाग, पनवेल, खालापूर या तालुक्यांचे उरलेले भाग आणि उत्तरेकडे पालघर तालुका त्यात घेण्यात आला. अशा रीतीने रायगडचा मोठा उत्तर भाग मुंबईच्या नियोजनाखाली आला आहे.

नेरूळ किंवा बेलापूरहून सुटणारी उरण लोकल ही या बदलाची सर्वांत सुखद बाजू आहे. खारकोपरपर्यंतचा टप्पा २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. उलव्याचे उंच इमले मागे पडले की खारफुटी लागते आणि पुढे न्हावा-शेवा व द्रोणागिरी परिसरात कंटेनरच्या रांगा दिसू लागतात. पूर्वी या प्रवासासाठी कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढणारी बस हाच मुख्य आधार होता, हे लक्षात घेतले म्हणजे डब्यातल्या विद्यार्थ्यांची व नोकरदारांची गर्दी पाहून समाधान वाटते. मात्र हार्बर मार्गाइतक्या सतत गाड्या येथे मिळत नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी पाहून मगच नेरूळ गाठावे.

उरण लोकलबरोबर त्याच दिवशी उद्घाटन झालेल्या अटल सेतूने शिवडीहून न्हावा-शेवाकडे येणेही शक्य आहे. एकूण सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावरून जाणारा हा पूल मोटारीसाठी फार सोयीचा आहे. परंतु त्यावर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही, मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये पथकर ठरवला गेला आणि बेस्ट व नवी मुंबई परिवहनच्या मोजक्याच बस त्यावरून धावतात. उरण-जासईकडचा पुष्कळसा दैनंदिन प्रवास दुचाकीवरून होतो आणि त्या माणसाला हा पूल दुरूनच पाहावा लागतो. सेतूच्या उतारावरच जासई आहे. भूसंपादनाविरुद्धच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व रुजले, त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे होते. या भागातील माणसांशी विकासाविषयी बोलताना हा इतिहास ठाऊक असावा, कारण बोलण्याचा ओघ शेवटी तेथेच येतो.

उरण स्थानकाबाहेर करंजासाठी रिक्षा मिळते. करंजा हे मोठे कोळी गाव असून मासेमारीचे बंदर आहे. धक्क्यावर जाळी पसरलेली असतात आणि लाँच लागली की आधी टोपल्या चढतात, मग माणसे. दुचाकी फळीवरून आत ढकलून कठड्याला टेकवून उभ्या करतात. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींना मी विचारले, की लाँच चुकली तर काय करता? त्या म्हणाल्या, "थांबायचं, दुसरं काय दादा! पेणवरून फिरून गेलं तर दिवस तिकडंच मोडतो." खाडी ओलांडायला मात्र थोडाच वेळ लागतो. ओहोटीच्या वेळी गाळामुळे आणि पावसाळ्यात वाऱ्यामुळे फेऱ्यांची वेळ पुढेमागे होऊ शकते, म्हणून भरतीची वेळ पाहून सकाळीच निघावे आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेरीवर विसंबू नये.

येथे खाडीवर पूल व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासूनची, म्हणजे चार दशकांहून जुनी आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा भाग म्हणून त्याचे काम आता हाती घेण्यात आले आहे. मला या प्रवासात सर्वाधिक खटकलेली गोष्ट हीच आहे. समुद्रावरून मुंबईला जोडणारा पूल आधी झाला आणि एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांना जोडणारा त्याहून कितीतरी लहान पूल मागे राहिला. आराखडे मुंबईकडे जाणाऱ्या रेषा ठळक काढतात. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणाऱ्या रेषा त्यांत पुसट असतात.

रेवसहून अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. एसटी मिळाली तर उत्तम, अन्यथा मिनीडोर, म्हणजे प्रवासी वाहतूक करणाऱ्या मोठ्या तीनचाकी रिक्षा, असतात. मात्र प्रवासी पुरेसे जमल्याशिवाय त्या सहसा हलत नाहीत. वाटेत मांडवा लागते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईची मोटार तासाभरात या किनाऱ्यावर उतरते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचा परिणाम दिसतो. वाड्यांच्या जागी बंगल्यांचे कुंपण आले आहे. रोजगार वाढला, हे खरे आहे. पण गावातला रस्ता होता तेवढाच राहिला, त्यामुळे शनिवार-रविवारी या मार्गावर एसटीने प्रवास करणे शक्यतो टाळावे. अलिबागला प्रवासी रेल्वे अजूनही नाही. थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचा रूळ मात्र आहे.

अलिबागहून पोयनाडमार्गे वडखळ आणि पुढे पेण अशी एसटी सहज मिळते. डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहने आणि गोवा महामार्गाची वाहतूक वडखळजवळ एकत्र येते. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत-रखडत चालले आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा हमरापूर-पेणहून मूर्तींचे टेम्पो निघालेले असतात, तेव्हा या वाटेने जाऊ नये. मूर्तीचे कारखाने पाहायचे असल्यास त्याआधी दीड-दोन महिने जावे. तेव्हा कारागिरांनाही बोलायला सवड असते.

पेणच्या खारेपाटातील, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील, गावांचा उल्लेख टाळता येत नाही. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी सिडकोच्या वसाहतींना जाते. याच तालुक्यातल्या वाशी-शिर्की भागातील गावांना मात्र पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. याच तालुक्यातील २२ गावांच्या शेतकऱ्यांनी सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) मतदान केले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. आता उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर (नियोजित नवे शहर) अधिसूचित झाले आहे. या गावांमधून जाताना एसटीचे वेळापत्रक आणि नळाचे पाणी या दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. तेथील नियोजनाची खरी स्थिती त्यावरून लवकर कळते.

परतीसाठी पेण स्थानकातून दिव्याकडे जाणारी मेमू, म्हणजे कमी अंतराची विजेवरची प्रवासी गाडी, पनवेलला पोहोचवते. तिच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच असल्याने ती चुकल्यास ताटकळत न बसता पेण बसस्थानकातून पनवेलची एसटी धरावी आणि पनवेलहून हार्बर लोकल घ्यावी.