शेवंतीला अंधार हवा

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या इंदूरला सकाळी गच्चीवर शाल लागायला लागली. आम्हा बागवाल्या बायकांच्या गप्पांचे हेच दिवस, आणि सध्या विषय एकच, शेवंती.

शेजारच्या काकूंच्या कुंड्या पिवळ्याधमक. समोरच्या वहिनींच्या नुसत्याच हिरव्यागार, कळीचा पत्ता नाही. रोपं एकाच नर्सरीतली, खतही तेच. काल रात्री मुद्दाम जाऊन पाहिलं, तर त्यांच्या कठड्यावर रस्त्याच्या दिव्याचा लख्ख उजेड! शेवंती रात्र लांबली की कळ्या धरते. रात्रभर उजेड पडला तर तिच्या लेखी दिवस अजून मोठाच. लगेच दोघींनी मिळून कुंड्या मागच्या बाजूला नेल्या. तिथे दिवसा ऊन आहे, रात्री काळोख.

"अगं, मी आपली शेणखतच घालत बसले होते," वहिनी म्हणाल्या.

कोथिंबिरीचंही काकूंकडून शिकावं. धणे पोळपाटावर पसरून वरून लाटणं हलकंच फिरवतात. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या झाल्या पाहिजेत, चुरा नको. मग रात्रभर भिजवून पेरायच्या. आपली माळव्याची काळी माती पाणी फार धरून ठेवते, म्हणून कुंडीत वाळू आणि पानांचं खत सढळ हातानं घालावं. मेथीला एवढे लाड लागत नाहीत.

फुलं सरली की काकूंच्या शेवंतीला बुडाशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतील. त्यातले काही माझे, असं आत्ताच सांगून ठेवलंय.