गव्याचे पांढरे मोजे आणि स्कॅनिंगचे बारा दिवस

जलरंगातलं चित्र छपाईला पाठवायचं असेल तर सगळ्यात आधी एक सांगते. स्कॅनिंगच्या दुकानात चित्र ठेवून घरी येऊ नका, तिथंच उभं राहा. मी ठेवून आले आणि बारा दिवस गेले.

चित्र तसं वेळेत झालं होतं. पुण्याच्या प्रकाशकांना मुलांच्या पुस्तकासाठी रानातले प्राणी हवे होते, त्यात महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, हवंच होतं. आमच्या खानापूरकडच्या जांबोटीच्या रानात ते आहेच. आत्याकडे राहून रेखाटनं केली. माझं पहिलं शेकरू बघून आत्या म्हणाली, "शेपूट असं वर नसतंय गं, फांदीवर बसलं की खाली सोडतंय." तिचं बरोबर होतं. शेकरू, गवा आणि पिसोरी (हरणासारखा दिसणारा, अंगावर ठिपके असलेला छोटा प्राणी), तिघंही एका ए-थ्री कागदावर आले.

अडलं ते बेळगावात. ए-थ्री स्कॅनर आहे म्हणाले होते, निघाला ए-फोर, म्हणजे त्याच्या निम्मा, त्यामुळं चित्र तुकड्यांत घेऊन जोडावं लागणार. चार दिवस "उद्या या", मग लाईट नाही, मग मुलगा सुट्टीवर. भर पावसात खानापूरहून दर वेळी बस. पाचव्या दिवशी फाईल मिळाली. "मॅडम, चांगलं आलंय की!" म्हणाले. मी गव्याचे पाय बघितले. गुडघ्याखालचे पांढरे मोजे मी फिकट पिवळसर रंगाचे तीन हात देऊन केले होते, ते पार कोरे झाले होते. मागचं धुकंही गायब. मशीन आपोआप उजेड वाढवतं आणि फिकट रंग कागदाच्या पांढऱ्यात घालवतं. ती सोय आधी बंद करायला सांगा.

दुसऱ्या खेपेला मोजे आले, पण पिसोरीच्या अंगावरून उभी रेघ गेली. झाकण आड येतं म्हणून दुकानदारानं चित्राचा दुसरा अर्धा भाग कागद उलटा फिरवून स्कॅन केला होता. स्कॅनरचा उजेड एका बाजूनं पडतो. माझा कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि खरबरीत. एका अर्ध्यात दाण्यांची सावली वर, दुसऱ्यात खाली. असले दोन तुकडे कितीही जोडा, सांधा दिसणारच. मला रडू आलं. त्या पिसोरीच्या पाठीवरचे ठिपके मी कोरा कागद राखून एकेक सोडले होते.

शेवटी दुसऱ्या दुकानात झाकण निघणारा स्कॅनर मिळाला. कागद न फिरवता नुसता सरकवत तीन तुकडे घेतले, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर दोन बोटं चढवून. 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, आणि टिफ फाईल. जेपेग नको, त्यात फाईल लहान करताना बारकावे जातात.

हो, पावसात कागद फुगतो. आदल्या रात्री मागून किंचित ओला करून, दोन कोऱ्या कागदांत घालून जड पुस्तकांखाली ठेवा. काचेवरून उचललेला भाग धूसर येतो.

पुण्याहून परवा फोन आला. शेकरूची शेपटी खाली सोडलेलीच छापणार आहेत. आत्याला लगेच कळवलं.