आजी मुकी झाली तो खेळ

मी थिएटरात प्रोजेक्टर चालवतो. बूथच्या काचेतून मी सिनेमा फारसा बघत नाही, प्रेक्षक बघतो. अंधारात मोबाइल किती पेटले ते मोजायचं. इतक्या वर्षांत याहून प्रामाणिक समीक्षा मला तरी सापडलेली नाही.

१३ सप्टेंबर २०२४ला ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट पुन्हा लागला तेव्हा पुण्यात गणपती होते. २०१८च्या ऑक्टोबरात हाच सिनेमा आम्ही बहुतेक रिकाम्या खुर्च्यांना दाखवला होता. आता रविवारचा संध्याकाळचा खेळ भरलेला. बाहेर ढोल चालू. आमच्या भिंती जुन्या, त्यामुळे ढोलाचा घुमारा आत यायचा आणि लोकांना तो सिनेमातलाच वाटायचा. मी कुणाचा गैरसमज दूर करायला गेलो नाही.

खेळाआधी एक काका तिकीट खिडकीशी अडून बसले होते. “हे पेंडशांचं ना? ‘तुंबाडचे खोत’?” मी म्हटलं, “काका, नाव तेवढं त्या कादंबरीतलं. गोष्टीत भयकथावाले नारायण धारप जास्त आहेत.” “मग ठीक आहे,” म्हणत त्यांनी तिकीट घेतलं, जणू माझ्यावर उपकार केले.

शुक्रवारपासूनच्या खेळांत माझा मोबाइलचा नकाशा तयार झाला होता. सुरुवातीच्या निवेदनात थोडे पेटतात. हस्तर हा शापित देव कोण, त्याला सोनं मिळालं पण धान्य का मिळालं नाही, हे सगळं पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलंय. भुताच्या गोष्टीत पत्ते असे आधीच उघडू नयेत, असं माझं मत. मग १९१८ सालचा वाडा, पाऊस आणि साखळदंडातली आजी. इथे एकही मोबाइल नाही. त्या वाड्यातला पोरगा विनायक मोठा होऊन पुण्यात राहायला लागला की परत उजेड. तो हस्तरकडची सोन्याची नाणी आणतो, विकतो, ऐश करतो, पुन्हा जातो. बायको आणि ती दुसरी बाई, दोघी जणू त्याची हाव दिसावी म्हणूनच ठेवलेल्या. सिनेमा पुण्यात आला की ढिला पडतो, हे पुणेकरालाच म्हणावं लागतंय! हस्तरसाठी कणकेची बाहुली घेऊन तो वाड्याखाली उतरला की पुन्हा मिट्ट काळोख.

आणि उजेडाचं म्हणाल, तर या सिनेमाला प्रोजेक्टरचा दिवा चांगलाच लागतो. कंदिलाच्या उजेडात भिजलेली भिंत, तिच्यावरचं शेवाळ, चिखलात रुतलेला पाय. छायालेखक पंकज कुमार यांनी हे असं टिपलंय की दिवा जरा म्हातारा झालेला असला, तर पडद्यावर नुसतं काजळ दिसतं. म्हणून गुरुवारी रात्री मी मालकांच्या मागे लागून नवा दिवा बसवून घेतला होता.

तर रविवारी आजीचा प्रसंग सुरू झाला. काळोख पक्का. मी खूश. बूथमधला स्पीकर मी बारीक करून ठेवला होता, ही माझी चूक. तीन-चार मिनिटांनी डोअरकीपर मामा जिना चढून आले, धापा टाकत. “अरे, ती म्हातारी बोलंना झालीय!”

सेंटर चॅनलचा ॲम्प्लिफायर ट्रिप होऊन बंद पडला होता. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, तो गप्प. पाऊस आणि संगीत मात्र चारी बाजूंनी चालू. मी काचेला नाक लावून पाहिलं. आजीचा तो जबडा उघडतोय, पोरगं जीव तोडून ओरडतंय, आणि ऐकू येतोय फक्त पाऊस. शिट्टी नाही, “आवाऽऽज!” नाही. एरवी सेकंदभर आवाज गेला तर खुर्च्या बडवणारं हे पब्लिक. सगळ्यांना वाटलं, सिनेमाच तसा आहे.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, राहू दे असंच. पण पुढे विनायक पुण्यात येणार, आणि तिथे बोलण्याशिवाय काही नाही.

सिनेमा थांबवला, दिवे लावले. आता मात्र आरडाओरडा झाला. ॲम्प्लिफायर रिसेट होईना. शेवटी सेंटरची वायर काढून दुसऱ्या ॲम्प्लिफायरच्या मोकळ्या चॅनलला जोडली. मॅनेजरसाहेब खालून फोनवर, “प्रसंग पहिल्यापासून दाखवा, पैसे दिलेत लोकांनी.” दाखवला. या खेपेला आजी बोलली, हस्तरचं नाव घेतल्यावर झोपलीही. पण मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मी दोन मोबाइल मोजले.

शेवटाकडे एकाचे अनेक हस्तर होतात तिथे थिएटर पुन्हा गप्प होतं, पण मला स्वतःला ते पटत नाही. एकटा होता तेव्हा जास्त भीती वाटायची. गर्दी झाली की तो संगणकातून आलाय हे लक्षात येतं.

खेळ सुटल्यावर मी दाराशी उभा राहिलो, शिव्या खायच्या तयारीने. दोघांनी पैसे परत मागितले, मॅनेजरसाहेबांनी त्यांना बाजूला नेलं. मग ते काका आले.

“आवाज तुम्ही मुद्दाम घालवला होता का?”

“नाही हो काका, ॲम्प्लिफायर गेला.”

“अच्छा. मला वाटलं, कोकणातल्या वाड्यात सगळे हिंदी बोलतात याची दिग्दर्शकालाच लाज वाटली असेल.” चष्मा पुसत त्यांनी क्षणभर विचार केला. “तेवढी चार मिनिटं म्हातारी आपली वाटली बघा.”