आधी मीठ मोजा, पाणी मागाहून

डायलिसिस सेंटरमध्ये, म्हणजे निकामी किडनीच्या जागी मशीनने रक्त साफ करतात तिथे, गेल्यावर पहिलं काम वजनकाट्यावर चढण्याचं. गेल्या खेपेला उतरताना ६० किलो, आज ६२.८. "काका, पाणी जास्त झालं का?" असं टेक्निशियन विचारतो आणि काका ओशाळतात. आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला आहे. विचारायला हवं ते हे, की मीठ कशातून गेलं?

कारण साधं आहे. रक्तातलं सोडियमचं प्रमाण शरीर ठरलेल्या पातळीवर धरून ठेवतं. किडनी चालत नसताना पोटात गेलेलं साधारण ८ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी आत ओढून घेतं. दिवसाला १२ ग्रॅम मीठ खाणाऱ्याला दीड लिटरची तहान लागणारच. त्याला "मन घट्ट करा" सांगून काही होत नाही. मीठ ५ ग्रॅमवर आणलं की तहान बरीचशी आपोआप उतरते. मधुमेह असेल तर दुसरं कारण साखर. साखर वाढलेली असताना कितीही मीठ तोडलं तरी घसा कोरडाच राहतो.

आता काट्याचा हिशोब. ६० किलो ड्राय वेट, म्हणजे साठलेलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, आणि एका डायलिसिसपासून पुढच्या डायलिसिसपर्यंत २.४ किलो वाढ, असं धरा. शेवटी नळ्यांमधलं रक्त परत देताना पाव लिटर सलाइन आत जातं, मध्ये चहा-पाणी मिळून २०० मिली. म्हणजे मशीनने काढायचे २.८५ लिटर. चार तासांत तासाला ७१० मिली, वजनाच्या दर किलोमागे १२ मिलीच्या आत. किलोमागे तासाला १३ मिली ही सर्रास वापरली जाणारी वरची हद्द, तेव्हा हे निभतं. आता वाढ ४ किलोची असेल तर तोच हिशोब साडेअठरावर जातो. मशीन पाणी काढतं ते रक्तातून. पायात, पोटात, फुफ्फुसात साठलेलं पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. ते येण्याआधीच मशीन ओढत राहिलं की बीपी पडतो. जांभया येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्यांत गोळे चढतात. जांभई आली की लगेच सांगायचं, गोळा येईपर्यंत थांबायचं नाही. अशा वेळी "आज सगळं काढूनच टाका" हा आग्रह घातक आहे. वेळ तासाभराने वाढवणं किंवा एक जादा डायलिसिस घेणं हे त्याचं उत्तर. "अर्धा तास आधी सोडा" हे तर उलट्या दिशेचं मागणं.

काट्यावरही चुका होतात. चप्पल, मोबाइल, स्वेटर, खिशातली किल्ल्यांची जुडगी मिळून किलोभर सहज भरतात. दर वेळी साधारण सारखे कपडे घाला. घरी सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. ड्राय वेट हा आकडा काही कायमचा नसतो. डायलिसिस सुरू झाल्यावर दोन-चार महिन्यांत भूक परत येते आणि अंगावर मांस चढतं. तरी आकडा जुनाच राहिला, तर दर वेळी गोळे आणि बीपी पडणं सुरू होतं. याच्या उलट, आजारपणात माणूस वाळतो, त्या जागी पाणी भरतं आणि काटा ६०च दाखवतो. मग बीपी चढतो, आडवं झालं की दम लागतो, रात्री दोन उशा लागतात. यातलं काहीही दिसलं तर ड्राय वेट पुन्हा ठरवायला सांगा.

मीठ कमी करायचं म्हणजे बेचव खायचं असं नव्हे. सगळ्यात सोपी युक्ती अशी, की आमटी-भाजीत मीठ घालण्याआधी रुग्णाची वाटी बाजूला काढायची. एका छोट्या डबीत सपाट चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ सकाळी काढून ठेवायचं. दिवसभर जे वरून घ्यायचं ते तिच्यातूनच, शिवाय पाव-बिस्किटातलं मीठ धरून डबीत थोडं उरलं पाहिजे. कणकेत आणि भाताच्या पाण्यात मीठ घालायचं नाही. भाकरीला ते तसंही लागत नाही. चव आणायला लसणाची फोडणी, जिरं, हिरवी मिरची, आलं, थोडं लिंबू. पापडात मीठ तर आहेच, वर पापडखारही सोडियमच. लोणचं, फरसाण, सांडगी मिरची, खारा बांगडा, पाकिटातले नूडल्स यांना घरातून रजा. गॅससाठी पाण्यात टाकून पितात ती फसफसणारी पावडर सोड्याचीच असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सैंधव ही पळवाट नाही, तेही सोडियम क्लोराइडच आहे. पण खरा धोका "लो सोडियम" मिठाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. बीपीवाल्या शेजाऱ्याला ते चालेल, डायलिसिसवर असलेल्याने पुडीला हात लावू नये.

मग पाण्याकडे या. चोवीस तासांची लघवी अधिक ५०० मिली, हा ढोबळ हिशोब. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. लघवी ३०० मिली होत असेल तर दिवसाचे ८००. ती ३०० मिली जपण्यासारखी आहेत. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या उरलीसुरली लघवीही घालवतात. घरातलं फुलपात्र, चहाचा कप, आमटीची वाटी एकदा मापाच्या कपाने मोजून घ्या. १५० वाटणारं फुलपात्र २०० चं निघतं. आमटी, ताक, कढी, पेज, बर्फ, कलिंगड, सगळं पाण्यातच धरायचं. सकाळी ठरलेलं पाणी एका बाटलीत भरा आणि चहा प्यायलात तर तेवढं बाटलीतून ओतून टाका. गोळ्या पाण्याने घेण्याऐवजी शक्य त्या दहीभाताच्या घासाबरोबर घ्या, पाच-सहा गोळ्यांमागे ग्लासभर पाणी वाचतं. कोरड पडली की चूळ भरा, लिंबाची बारीक फोड चोखा, तोंडात वेलदोडा ठेवा.

पोटॅशियम हे वेगळं प्रकरण. पाण्याने दम लागतो, सूज येते, निदान कळतं. पोटॅशियम वाढल्याचं पुष्कळदा कळतच नाही आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात. पाय एकाएकी लुळे वाटणं, तोंडाभोवती मुंग्या, नाडी मंद होणं यातलं काही झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहायची नाही, त्याच पावली हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची रीत आहे. या आजारात ते सगळ्यात वाईट भेट. शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि एका शहाळ्यात पाणी तीनशे मिली तरी निघतं. कमरख, म्हणजे स्टार फ्रूट किंवा कोकणातलं करंबळ, याचा तर एक घासही नको. त्यातलं विष किडनीवाटे बाहेर पडत नाही आणि मेंदूवर चढतं. न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके अशा पायऱ्यांनी ते जातं.

आणि उपवास! एकादशीला लोकांना वाटतं, आज हलकं खाल्लं. साबुदाण्यात पोटॅशियम फारसं नसतं, पण खिचडीतला बटाटा आणि दाण्याचं कूट, जोडीला रताळ्याचा कीस, केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू हे सगळं पोटॅशियमचंच ताट आहे. उपवास सोडवत नसेल तर वरीचे तांदूळ, जिऱ्या-मिरचीची फोडणी आणि सफरचंदाच्या दोन फोडी. आमचा सल्ला विचाराल तर उपवासच सोडा. डायलिसिसवर प्रथिनंही किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण दर डायलिसिसला अमिनो आम्लं वाहून जातात. आधी वर्षानुवर्षं "डाळ कमी, अंडी बंद" ऐकलेलं असतं, ते आता उलटं होतं, आणि घरच्यांना हेच पटवणं अवघड जातं. अंड्याचा पांढरा बलक एका अंड्यामागे साडेतीन ग्रॅम प्रथिनं देतो आणि त्यात फॉस्फरस, जो किडनी चालत नसताना रक्तात साठतो, तो नगण्य. मासे-चिकन खाणाऱ्यांचं सोपं असतं. शाकाहारी माणसाने डाळ भिजवून पहिलं पाणी फेकावं आणि दही-पनीर किती, ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं.

बटाटा अगदीच हवा असेल तर सोलून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा, पाणी टाकून द्या, मग फोडणी. फोडी करून उकडल्याने साधारण निम्मं पोटॅशियम जातं, किसून उकडलं तर त्याहून जास्त. रात्रभर थंड पाण्यात नुसता भिजवून फारसं निघत नाही. कुकरमध्ये सालासकट उकडला तर सगळं आतच राहतं. हापूसच्या दिवसांत "मशीन चालू असताना खाल्ला की चालतो" असं ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. पहिल्या तासात एखादी फोड, तीही डॉक्टरांना विचारून. बद्धकोष्ठ मात्र होऊ देऊ नका. किडनी बंद असताना पोटॅशियमचा बराच वाटा शौचावाटेच बाहेर पडतो. त्यावर ग्लासभर पाण्यातला इसबगोल नको, डॉक्टर लॅक्टुलोजसारखं औषध देतात.

फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, सेव्हेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट, जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या. उपाशीपोटी किंवा जेवून तासाने घेतल्या तर पैसे वाया, कारण त्यांना बांधायचं ते ताटातच असतं. अंगाला सुटणारी खाज पुष्कळदा याच गोंधळातून येते.

आता हात. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, रोज सकाळी तीन बोटं ठेवून थरथर पाहायची, मांजर गुरगुरतं तशी लागते. ती नाहीशी झाली तर त्याच दिवशी, काही तासांत, सर्जनकडे. लवकर गेलात तर गुठळी काढून फिस्टुला वाचू शकतो, दोन दिवसांनी बहुधा नाही. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, रक्त काढणं नको, घट्ट घड्याळ-बांगड्या नकोत, पाण्याची कळशी नको, झोपताना तो हात डोक्याखाली नको. सुया दर वेळी मागच्या जागेपासून अर्धा-एक सेंटीमीटर सरकवून, शिडीसारख्या वर चढत टोचल्या पाहिजेत. त्याच जागी टोचणं रुग्ण आणि टेक्निशियन दोघांनाही सोपं जातं, कारण तिथली कातडी बधिर झालेली असते. पण तिथेच फुगवटा तयार होतो. फुगवट्यावरची कातडी चकचकीत, पातळ झाली किंवा खपली सुटेना, तर ती धोक्याची खूण. सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं एकसारखा दाब ठेवायचा, मध्ये बोट उचलून पाहायचं नाही. घरी आल्यावर रक्त सुरू झालं तर नेमक्या छिद्रावर बोटाने दाब, हात वर. दोरी बांधायची नाही, टॉवेलही गुंडाळायचा नाही, टॉवेल रक्त नुसतं लपवतो. थांबलं नाही तर १०८.

मानेत पर्मकॅथ, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी (कॅथेटर), असेल तर डोक्यावरून आंघोळ बंद, अंग पुसून घ्यायचं. मशीन सुरू झाल्यावर तासाभरात थंडी वाजून आली तर एसीला दोष देऊ नका. ते बहुधा कॅथेटरमधलं इन्फेक्शन असतं, तिथल्या तिथे सांगा.

डायलायझर, म्हणजे मशीनवरची रक्त गाळणारी नळकांडी, पुन्हा वापरला जात असेल तर त्यावरचं नाव आणि कितवी वेळ हे स्वतः वाचा. आतल्या पोकळ्यांची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो टाकायचा असतो, आणि हे विचारण्यात संकोच नको. जोडण्याआधी जंतुनाशक पूर्ण निघाल्याची पट्टीने तपासणी होते, तीही पाहता येते. हिपॅटायटिस बीची लस इथे दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅमची, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, नंतर अँटिबॉडी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते पाहणारी रक्ततपासणी. बीपीच्या गोळ्या डायलिसिसच्या सकाळी घ्यायच्या की नंतर, हे लेखी विचारून ठेवा. सेंटर सुटल्यावर दहा मिनिटं बसून मगच उठा, आणि दुचाकी स्वतः चालवत येऊ नका.

खर्चाचं थोडक्यात: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही होतो. घरात दाता नसेल तर हॉस्पिटलमार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात नाव लवकर घाला. ही केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना शुक्रवार ते सोमवार ही मधली खिंड सगळ्यात अवघड. नेमक्या त्याच दोन दिवसांत रविवारचं मटण आणि पाहुणे येतात. आठवड्याला दोनच डायलिसिस घेणाऱ्यांना तर अशी खिंड दर खेपेला. आणि जुलैत पाऊस. मुसळधारीचा इशारा आला की सेंटरला फोन करून आपली पाळी एक दिवस अलीकडे घ्या. रस्ते बंद पडलेच तर पाणी आणि मीठ निम्म्यावर, फळं-पालेभाज्या-बटाटा पूर्ण बंद. भात, साबुदाणा आणि अंड्याच्या पांढऱ्यावर दिवस काढायचा. पोटॅशियम बांधणारी पावडर डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवा. शेवटच्या डायलिसिसचा कागद, ड्राय वेट, हेपरिनचा (मशीनमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ अडकवा. ते हातात असले तर पाण्याच्या अलीकडचं कुठलंही सेंटर तुम्हाला मशीनवर घेऊ शकतं.