कंबरदुखी आणि खुर्चीचा अर्ज

जूनमध्ये एका सोमवारी कचेरीत टेबलाखालचा फायलींचा गठ्ठा उचलायला वाकले आणि कंबर धरली. गुडघे सरळ, सगळा भार कमरेवर. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं. पायातलं बळ कमी झालेलं नव्हतं, जांघेत बधिरपणा नव्हता, लघवी-शौचावर ताबा होता, ताप नव्हता. म्हणून एमआरआय नको म्हणाले. यातलं काही असतं तर त्याच दिवशी पुढे पाठवलं असतं. पडून राहू नका, जमेल तसं चाला, बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं. माझंही उतरलं. पण कामावर रुजू झाले आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. दुपारी चारनंतर कंबर लाकडासारखी ताठ.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी खुर्चीचा फोटो मागितला. बसायची जागा मध्ये खोल गेलेली, पाठ सैल, एका बाजूला कललेली. अशा खुर्चीत कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. “व्यायाम वीस मिनिटं करणार आणि हिच्यात सात तास बसणार. खुर्ची बदलून घ्या,” त्या म्हणाल्या.

त्या एका खुर्चीनं माझे पाच महिने घेतले.

जुलैत पहिला अर्ज दिला. पंधरा दिवसांनी विचारलं तर सापडेना. हातोहात दिला होता, आवक क्रमांक, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदीतला क्रमांक, घेतलाच नव्हता. शेजारच्या टेबलावर द्यायचा असला तरी अर्ज आवकमध्ये नोंदवा आणि शिक्क्याची प्रत जवळ ठेवा. दुसरा अर्ज तसा दिला. भांडारच्या भाऊसाहेबांनी सांगितलं, आधी जुनी खुर्ची निर्लेखित व्हायला हवी, म्हणजे निकामी म्हणून नोंदीतून काढायला हवी, आणि त्यासाठी जडवस्तू नोंदवहीतला, म्हणजे कचेरीतल्या सामानाच्या वहीतला, क्रमांक लागतो. माझ्या खुर्चीच्या पाठीवर रंगवलेला क्रमांक कधीच पुसून गेला होता. क्रमांक नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही तर निर्लेखन कसलं? हे मी तीन टेबलांवर ऐकलं, तिन्ही वेळा उभ्यानं, कमरेवर हात ठेवून. डॉक्टरांचं पत्र जोडलं तर ते कर्मचाऱ्यांच्या रजा वगैरे पाहणाऱ्या आस्थापना शाखेकडे गेलं, कारण वैद्यकीय कागद म्हणजे रजेचा, असं धरून चालले. मला रजा नको होती. काम करायला धड बसायची जागा हवी होती. त्या दिवशी घरी येऊन रडले.

त्या महिन्यांत मला तारलं ते गुंडाळलेल्या टॉवेलनं. कमरेच्या बाकात तो ठेवायचा आणि अर्ध्या तासाला उठायचंच, पाण्याचं निमित्त काढून का होईना. बाटली मुद्दाम टेबलावर ठेवली नाही. आवक-जावकच्या नोंदी कपाटावर वही ठेवून उभ्यानं केल्या. रात्री पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. सकाळी उताणं असताना तसंच उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर जोर देऊन उठा. व्यायामांत मला सर्वात मानवला तो उताणं झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलायचा. ठणका चालू असताना मात्र तो केला नाही, फक्त चालले.

क्रमांक शेवटी आमच्या शिपाई मामांनी शोधला. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी खुर्ची सरळ उलटी केली. बैठकीखालच्या लोखंडी पट्टीवर, गंजाच्या आड, पांढऱ्या रंगात तो होता. चार महिने ज्या ज्या टेबलाला विचारलं, त्यातलं कुणीही खुर्चीपर्यंत आलं नव्हतं. त्याच आठवड्यात टिपणीवर साहेबांची सही झाली.

नवी खुर्ची आली तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. मामांकडून उंची उतरवून घेतली, तळवे पूर्ण टेकेपर्यंत. आणि हो, गठ्ठे आता टेबलाखाली नाहीत, कमरेच्या उंचीच्या फळीवर आहेत. नव्या खुर्चीचा क्रमांक त्याच दिवशी माझ्या वहीत उतरवून घेतला.